साठा : संपत्ती की अपव्यय?

बँकेत असताना उद्योजकाचे स्टॉक स्टेटमेंट हाती आले, की माझी नजर प्रथम शिल्लक मालाच्या रकमेवर जाई. साठा मोठा तर तारण भक्कम, हा आमचा हिशेब. निवृत्तीनंतर टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचा अभ्यास केला आणि त्या हिशेबाची दुसरी बाजू ध्यानी आली.

या पद्धतीचे शिल्पकार ताइइची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : अतिउत्पादन, प्रतीक्षा, अनावश्यक वाहतूक, गरजेपेक्षा अधिक प्रक्रिया, साठा, निरर्थक हालचाल आणि सदोष माल. त्यांत अतिउत्पादन सर्वांत घातक. कारण इतर दोष त्याच्याआड लपतात. यंत्र बिघडले तरी गोदामातील माल वेळ निभावून नेतो आणि बिघाडाचे मूळ तसेच राहते. म्हणून पुढच्या टप्प्याने मागितले तेवढेच मागच्या टप्प्याने करावे, हा ओनोंचा नियम. ही मागणी कळवणारे कार्ड म्हणजे ‘कानबान’.

पाच लाखांचा माल सहा महिने पडून राहिला, तर बारा टक्के दराने तीस हजार रुपये केवळ व्याजात जातात. जागाभाडे आणि नासधूस वेगळीच.

तथापि साठा एकदम घटवू नये. तो थोडा कमी करावा, त्यामुळे उघडा पडलेला दोष दूर करावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. ज्या मालाला मागणी नाही, तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून मिरवतो. व्याज मात्र रोज खातो. कर्ज मंजूर करताना हे मी एकाही उद्योजकाला सांगितले नाही, याची आज खंत वाटते.