सूगाकु निगाते

तोक्यो : जपानी मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी दोन गटांत वाटणी होते. बुन्केई म्हणजे साहित्य, कायदा, अर्थशास्त्र. रिकेई म्हणजे विज्ञान, इंजिनिअरिंग, वैद्यक. महाराष्ट्रात दहावीचे क्लास चालू असतात त्या वयात इथे शाळेतून एक कागद घरी येतो, आईवडील सही करतात आणि पुढच्या एप्रिलपासून बहुतेक शाळांत वर्गच वेगळे होतात. कागद भरताना करिअरची चर्चा फारशी लांबत नाही. ‘सूगाकु निगाते’, गणित जमत नाही, एवढ्यावर पुष्कळांचे बुन्केई ठरते.

जपानी मूल म्हणजे गणितातला किडा, असे मराठी घरांत धरून चालतात. गुणांपुरते ते खरे आहे. २०२२च्या ‘पिसा’ चाचणीत ५३६ गुणांसह जपान ओईसीडी देशांत गणितात पहिला होता. मात्र ‘टिम्स’ चाचणीच्या प्रश्नावलीत गणित आवडते म्हणणारी आठवीतली जपानी मुले जागतिक सरासरीपेक्षा कमीच निघतात. ‘जमत नाही’ म्हणणारा इथला मुलगा लातूरच्या एखाद्या क्लासच्या फ्लेक्सवर फोटोसह झळकला असता.

बुन्केई-रिकेई ही वाटणी जुनी आहे. १९१८च्या सरकारी आदेशाने तेव्हाच्या उच्च शाळांत तिची पक्की रेघ ओढली. १९४३मध्ये बुन्केईच्या बहुतेक विद्यार्थ्यांची लष्करभरतीतली सवलत गेली, रिकेईच्या मुलांची राहिली.

महाराष्ट्रात गणिताची नावड वेगळ्याच दारातून बाहेर पडते. गणित नको म्हणून मूल पीसीबी घेते आणि ‘नीट’ला बसते; त्या परीक्षेत गणिताचा पेपरच नाही. गणिताला घाबरून कोणी डॉक्टर होतो, हे जपानी शिक्षकाला दोनदा सांगावे लागते. इथे वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत गणित चांगलेच घाम फोडते. उलट खासगी विद्यापीठांत अर्थशास्त्राला गणिताविना प्रवेश मिळत आला. वासेदा विद्यापीठाच्या राज्यशास्त्र-अर्थशास्त्र विभागाने २०२१पासून प्रवेशाला गणित सक्तीचे केले, तेव्हा त्याची बातमी झाली. अकरावी कॉमर्सला ‘मॅथ्स की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस)’ म्हणत एसपीवर टिक करणाऱ्यांना यातले दुखणे चटकन कळेल.

मुलींची गोष्ट मात्र चीड आणणारी आहे. गणितात उत्तम गुण मिळवूनही त्या रिकेईकडे कमी वळतात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांत सहांत जेमतेम एक मुलगी असते. पुण्याच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या वर्गात बसलेल्या कोणालाही हे पटणार नाही. तोक्योच्या तंत्रविद्यापीठाने २०२४च्या प्रवेशापासून मुलींसाठी जागा राखून ठेवल्या. त्यावर ‘मग गुणवत्तेचे काय?’ हा प्रश्नही रीतसर विचारून झाला आहे.