मेण लावायचा बोळा कसा निवडाल?

दसरा आला की गाडी धुवायची, तिला झेंडूची माळ घालायची, ही आपल्याकडची रीतच आहे. हौसेनं काही जण बाजारातून मेणाची डबीही आणतात. डबी चांगली पारखून घेतात, पण मेण लावायला मात्र हाताला लागेल ते फडकं उचलतात. मग एक दिवस गाडी उन्हात उभी असते आणि तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसू लागतात. दोष येतो मेणाच्या माथी. पण मंडळी, मेण बिचारं मऊ. रेघ ओढतो तो बहुधा आपल्या हातातला बोळा, आणि त्यात अडकलेला वाळूचा कण.

हे असं का होतं? आजच्या बहुतेक गाड्यांना रंगावर एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही बहुधा कमी! पडलेली रेघ घासून काढायची म्हटली तर हा लेप आणखी पातळ होतो. म्हणून रेघ पडूच न देणं शहाणपणाचं.

आता बोळ्यांचे प्रकार पाहू. दुकानात त्यांना ॲप्लिकेटर पॅड म्हणतात. पहिला फोमचा, म्हणजे स्पंजाचा. तो दाबला जातो, वळणावर बसतो आणि मेण सारखं पसरवतो. घट्ट मेण असो वा पातळ, नवख्यानं हाच घ्यावा. मात्र स्पंज बारीक छिद्रांचा आणि मऊ हवा. भांडी घासायचा खरखरीत स्पंज चालायचा नाही. दुसरा मायक्रोफायबरच्या कापडाचा. पातळ मेणाला तो चांगला, पण तो मेण जास्त पितो. तिसरा सुती. जुना, मऊ, बिनशिवणीचा बनियन अगदी अडचणीला चालेल. पण शिवण, बटण, काठ आधी कापून टाका. गोणपाट आणि खरखरीत टॉवेल मात्र गाडीच्या जवळही आणू नका.

पारख कशी करायची? बोळा गालावर फिरवून पाहा. टोचला तर नको. शिक्षक मित्रांनी मुलांसमोर आणखी एक प्रयोग करावा. जुन्या, टाकाऊ सीडीच्या चकचकीत बाजूवर एकीकडे मऊ स्पंज आणि दुसरीकडे गोणपाटाचा तुकडा सारख्याच जोरानं घासावा, आणि सीडी उजेडात तिरपी धरावी. समजावून सांगायला मग फार शब्द लागत नाहीत.

बोळा चांगला मिळाला तरी काही पथ्यं आहेत. गाडी आधी भरपूर पाण्यानं धुवून कोरडी करा. धुळीवर मेण लावणं म्हणजे वाळूनं घासणंच. गाडी सावलीत घ्या, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. मेण थोडंच घ्या, हात हलका ठेवा. मेण लावायचा बोळा वेगळा आणि पुसायचं मऊ कापड वेगळं. चाकं पुसलेलं फडकं अंगाला लावू नका. आणि बोळा जमिनीवर पडला तर? झटकून पुन्हा वापरू नका. तो बाजूला ठेवा, दुसरा घ्या. म्हणूनच बोळे नेहमी दोन आणावेत.

एक सावधगिरी आणखी. पॉलिश किंवा रबिंग कंपाऊंड या नावानं मिळणाऱ्या पुष्कळ वस्तूंत घासणारे कण असतात. ते मेण नव्हे. डबीवरचा मजकूर वाचूनच घ्या.

काम झालं की बोळा कोमट पाण्यात साबणानं धुवा, सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, नाहीतर त्याला सुताचे तंतू चिकटतात. पुढल्या वेळी डबा उघडलात की बोळा पुन्हा एकदा गालावर फिरवून पाहा. कडक झाला असेल, तर त्याची जागा चाकांपाशी.