आदत, दुसा आणि क्लास ए

मोहोळ, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात शर्यतीसाठी खिलार खोंड बघायला आलेला माणूस आधी त्याचा खालचा ओठ ओढतो. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, जे आठ असतात ते खाली. सगळे दुधाचे असले तर खोंड आदत. मधली जोडी पडून दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंद केलेल्या बैलगाडा शर्यती १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने पुन्हा सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतरच्या मैदानांच्या जाहिरातींतही आदत, दुसा, ओपन हे गट ठळकपणे छापलेले असतात.

दात वय सांगतात, वेग नाही. दोन दुसे खोंड एका फेरीत सुटले की एक फायनलपर्यंत जातो आणि दुसरा गटातच बाद होतो. त्यावर ‘दोघं सारखे का पळाले नाहीत’ अशी तक्रार पंचांकडे कोणी नेत नाही. मोबाइलवर किंवा कन्सोलवर गाड्या पळवणारी पोरं मात्र नेमकी हीच तक्रार करतात. तिथे गट वयावर नसून ताकदीवर पाडलेले असतात, त्यामुळे एका गटातल्या गाड्या सारख्या पळाल्याच पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. ते रास्तही आहे. प्रश्न एवढाच की गाडीची ताकद मोजायची कशी?

‘फोर्झा होरायझन ५’ (२०२१) या गेममध्ये प्रत्येक गाडीवर एक आकडा असतो, परफॉर्मन्स इंडेक्स. ५०० पर्यंत डी, ६०० पर्यंत सी, ७०० पर्यंत बी, ८०० पर्यंत ए, ९०० पर्यंत एसवन, ९९८ पर्यंत एसटू आणि ९९९ म्हणजे एक्स. डी क्लासमधली जुनी गाडी घ्यायची, इंजिन बदलायचं, चारही चाकांना जोर द्यायचा, रुंद टायर चढवायचे आणि आकडा बरोबर ८०० वर आणून ठेवायचा. ७९९ वर थांबणारा भेटणं कठीण, कारण तो एक अंक म्हणजे हातचा सोडलेला घास.

गोम अशी की ८०० पर्यंत पोचायच्या वाटा अनेक. एकाने सगळे अंक इंजिनावर उधळले आणि टायर साधेच ठेवले, दुसऱ्याने इंजिन तसंच ठेवून पकड वाढवली. आकडा दोघांचा सारखा. लांब सरळ रस्ता आला की पहिला दिसेनासा होतो, घाटवळणं लागली की दुसरा त्याला गाठतो. एका आकड्यात वेग, पकड, ब्रेक, उठाव हे सगळं कोंबायचं तर कशाला किती वजन द्यायचं हे आधीच ठरवावं लागतं, आणि ते जिथे चुकतं तिथे खेळाडू बरोबर बोट घालतात.

‘ग्रॅन टुरिस्मो ७’ने (मार्च २०२२) जास्त हुशारी केली. तिथे परफॉर्मन्स पॉइंट काढताना गेम गाडी आतल्या आत पळवून बघतो. खेळाडूंनी त्यातही फट शोधली. सस्पेन्शन, गिअर, हवेचा दाब यांची अशी विचित्र जुळणी करायची की त्या आतल्या परीक्षेत गाडी अडखळावी आणि तिचा आकडा घसरावा. टोमाहॉक एक्स ही कल्पनेतली महाभयंकर गाडी अशा युक्तीने खालच्या मर्यादेच्या शर्यतींत घुसवली जात होती. पुढच्या अपडेट्समध्ये कंपनीला ही भोकं बुजवत बसावं लागलं.

मोठ्या ऑनलाइन शर्यतींसाठी म्हणूनच दुसरी पद्धत वापरतात, बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. जीआर ३, जीआर ४ असे गट, खेळाडूच्या हाती पाना नाही, आणि प्रत्येक गाडीची ताकद व वजन कंपनीच टक्क्यांत खाली-वर करते. ही पद्धत खऱ्या ट्रॅकवरून उचललेली. २००६ मध्ये सुरू झालेल्या जीटी ३ शर्यतींनी ती रुजवली. पोर्शेचं इंजिन मागे, फेरारीचं मधे, कोणाचं पुढे. असल्या गाड्या एका रांगेत उभ्या करायच्या तर कोणाच्या अंगावर वजन टाकायचं आणि कोणाच्या इंजिनाची हवा कमी करायची, एवढाच मार्ग उरतो. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर चांगल्या घोड्याच्या खोगिराखाली शिसं भरतात, ते याच हिशोबाने.

अशी व्यवस्था आली की हातचं राखून पळणारेही आले. २०१६ च्या ल मान्स शर्यतीच्या पात्रता फेरीत फोर्ड जीटी एकदम एवढ्या पुढे गेल्या की आयोजकांनी शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या टर्बोचा दाब कमी करून वजन वाढवलं. गट शेवटी फोर्डनेच जिंकला. आधीच्या सरावात त्या खरोखर मंद होत्या का, हा वाद अजून मिटलेला नाही.

गेम बनवणाऱ्यांची अडचण वेगळी. लाखो खेळाडूंचे लॅप टाइम त्यांच्याकडे आपोआप जमतात, पण त्यातून गाडी आणि चालवणारा वेगळे काढणं जिकिरीचं. पट्टीचा खेळाडू वेगवान गाडीच उचलतो, त्यामुळे ती आहे त्याहून वेगवान दिसते. शिवाय एका लॅपपुरता तोल साधला तरी टायर झिजायला लागले की चित्र फिरतं. जीआर ४ मधल्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या छोट्या शर्यतीत तिखट असतात, पण लांब शर्यतीत त्यांचे पुढचे टायर आधी संपतात, कारण वळणं आणि ओढणं दोन्ही त्याच चाकांच्या माथी.

सगळ्यांना एकच गाडी देणं हा सरळ तोडगा आहेच. मोहोळ तालुक्यातल्या टाकळी सिकंदरचा भीमा साखर कारखाना ज्यांच्यामुळे ओळखला जातो, त्या खासदार धनंजय महाडिकांचे चिरंजीव कृष्णराज ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावले. तिथे तेव्हा चॅसी टाटूसची, इंजिन कॉसवर्थचं, सगळ्यांना सारखंच होतं. गेममध्येही अशा शर्यती असतात. पण चारशेहून जास्त गाड्यांच्या गॅरेजवर खपणारा गेम रोज एकच गाडी पुढे करू शकत नाही. लोकांना आपली गाडी हवी असते, आणि ती जिंकायलाही हवी असते.

म्हणून अपडेट येत राहतात. कालपर्यंत जिंकणारी गाडी एका रात्रीत थोडी जड होते, कोपऱ्यात पडलेल्या दुसरीला चार टक्के जास्त ताकद मिळते, आणि आठवडाभर क्रेडिट साठवून पहिली विकत घेतलेल्यांचा शिमगा सुरू होतो.