मरीन व्हायचंय? आधी दीड मैल धावा

अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये भरतीसाठी साधारणपणे वय 17 ते 28, हायस्कूल डिप्लोमा आणि नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. त्यामुळे न्यू जर्सीत वाढलेल्या, ग्रीन कार्ड असलेल्या, पण अजून नागरिक न झालेल्या मराठी मुलामुलींनाही शिपाई म्हणून ही वाट खुली आहे. अधिकारी होण्यासाठी मात्र नागरिकत्व हवंच. सतराव्या वर्षी पालकांची लेखी संमती लागते.

सुरुवात रिक्रूटरच्या कार्यालयात. मग ‘अ‍ॅस्व्हॅब’ ही सैन्यभरतीची क्षमता परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि शपथ. जुना दमा, शस्त्रक्रिया, चालू औषधं, जे असेल ते सांगून टाका. काही बाबतींत सूट मिळते. लपवलेलं नंतर उघड झालं तर नोकरीच जाऊ शकते.

बहुतेकांना प्रशिक्षणाला निघेपर्यंत काही महिने मिळतात. तेच खरे तयारीचे. प्राथमिक चाचणीत मुलांनी दीड मैल 13 मिनिटं 30 सेकंदांत धावायचं, मुलींनी 15 मिनिटांत. पुलअप्स मुलांना किमान 3, मुलींना 1. त्याऐवजी पुशअप्स चालतात. शिवाय प्लँक. पण एवढ्यावर समाधान मानणाऱ्याचे पॅरिस आयलंड किंवा सॅन दिएगो इथल्या प्रशिक्षणाच्या 13 आठवड्यांत फार हाल होतात. शेवटच्या ‘क्रूसिबल’ या कसोटीत तर 54 तास अपुऱ्या झोपेवर आणि मोजक्या अन्नावर काढायचे असतात.

धावण्याचं अंतर हळूहळू वाढवा; घाई केली की नडगी दुखावते. आणि पोहता येत नसेल तर आजच शिकायला लागा, कारण गणवेशात पोहण्याची चाचणी कुणालाच चुकत नाही.