अग्निशमन जवानाचे आरोग्य : आग विझल्यानंतरची काळजी

14 एप्रिलला आपल्या वस्त्यांतून बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुका निघतात. त्याच दिवशी मुंबई अग्निशमन दल आपल्या हुतात्मा जवानांना मानवंदना देते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठींबरोबर दारूगोळाही होता. जवान पाणी मारत असतानाच स्फोट झाला आणि दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. मे 2015 मध्ये काळबादेवीची गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली, तेव्हा सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले.

असे मृत्यू सर्वांना दिसतात. पण जवानाचे आयुष्य कमी करणारी आणखी काही कारणे आहेत. ती हळूहळू काम करतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. ज्या घरातला मुलगा, सून किंवा भाऊ दलात आहे, किंवा भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतो आहे, त्या घराने ही कारणे समजून घेतली पाहिजेत.

धुरात काय असते?

पूर्वी घरात जळण्यासारखे म्हणजे लाकूड आणि कापूस. आज फोमची गादी, प्लास्टिकच्या खुर्च्या, वायरी, रंग, टीव्ही हे सगळे एकदम पेटते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड असे विषारी वायू निघतात.

यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, काही सुचेनासे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विश्वास ठेवू नका. त्या यंत्राला हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही ते 98 दाखवू शकते. त्याला मोकळ्या हवेत आणा आणि ऑक्सिजन लावण्यासाठी ताबडतोब रुग्णालयात न्या.

कर्करोगाचा धोका

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचे काम पहिल्या गटात टाकले. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, या दोन्हींबाबत पुरेसा पुरावा मिळाला आहे. याचा अर्थ प्रत्येक जवानाला कर्करोग होईल असा नाही. या कामामुळे तो होऊ शकतो हे मात्र आता निश्चित आहे.

हे विष फक्त नाकातोंडातून जात नाही. काजळी मानेवर, जबड्याखाली, काखेत, जांघेत बसते. अंग तापलेले आणि घामाने भिजलेले असताना ती कातडीतून लवकर आत जाते. आपल्याकडे जुन्या छपरांना सिमेंटचे पत्रे असतात, त्यांतल्या पुष्कळांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. आगीत ते तडतडून फुटतात आणि त्यांचे बारीक तंतू हवेत उडतात.

मास्क कधी काढायचा?

पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मास्क मिळून बीए सेट होतो. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने साधारण 1,800 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर ती 45 मिनिटे पुरते. पण हा कागदावरचा हिशेब. माणूस खांद्यावर घेऊन जिना उतरताना श्वास दुप्पट लागतो आणि वेळ निम्म्यावर येतो. हवा संपत आली की शिट्टी वाजते. तोपर्यंत थांबायचे नाही, परतीची हवा राखून निघायचे.

दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही आणि फटीतून धूर आत येतो. म्हणून ड्युटीवर जाताना गुळगुळीत दाढी हवी. सिलिंडरचा दाब आणि मास्कची पकड ड्युटी सुरू होतानाच तपासावी.

सर्वांत जास्त हलगर्जी ज्वाळा विझल्यावर होते. ढिगारा उपसताना, निखारे शोधताना जवान मास्क काढून मोकळा होतो. पण धुमसणाऱ्या सामानातून विषारी वायू निघतच असतात. अधिकारी हवा तपासून सांगेपर्यंत मास्क तोंडावरच राहिला पाहिजे. बिनमास्कचे धाडस हे शौर्य नव्हे.

हृदयावरचा ताण

अमेरिकेत ड्युटीवर मरण पावणाऱ्या जवानांपैकी जवळपास निम्मे हृदयविकाराने जातात. 2007 मध्ये तिथे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रत्यक्ष आग विझवण्यात कामाचा फक्त 1 ते 5 टक्के वेळ जातो. पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी जवळपास एकतृतीयांश त्याच वेळी होतात. झोपेतून उठून धावणे, अंगावर जड पोशाख, भट्टीसारखी उष्णता, घामाने आटलेले पाणी, वर धूर. रक्तदाब किंवा साखर आधीच वाढलेली असेल तर हा ताण जिवावर बेततो. मोठ्या कॉलनंतर छातीत दुखले, डावा हात भरून आला किंवा दम लागला, तर ‘थकवा असेल’ म्हणून घरी झोपू नये.

जवानाने आणि घरच्यांनी पाळायचे नियम

1. घटनास्थळीच मान, चेहरा, हात ओल्या फडक्याने पुसा. हात धुतल्याशिवाय वडापाव, बिडी, तंबाखू तोंडाला लावू नका.

2. शक्यतो तासाभरात केंद्रावरच साबणाने आंघोळ करा.

3. काजळीचा पोशाख, बूट, टोपी घरी आणू नका. दहा बाय दहाच्या खोलीत खुंटीवर टांगलेला कोट म्हणजे मुलांच्या उशाशी ठेवलेला धूर. आणावाच लागला तर बंद पिशवीत आणा आणि घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा.

4. ड्युटीत तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या.

5. बिडी, सिगारेट सोडा. सिगारेटच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे ते मोठे कारण आहे.

6. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, ईसीजी आणि फुप्फुसांची तपासणी करा. डॉक्टरांना आपले काम सांगा. लघवीतून रक्त गेले, दुखत नसले तरी, लगेच दाखवा.

7. जळालेले लहान मूल बाहेर काढून आलेल्या माणसाची झोप उडते, चिडचिड वाढते. त्यावर दारू हा उपाय नाही. त्याला बोलू द्या. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे.

जबाबदारी दोघांची

वर सांगितलेले नियम जवानाने पाळायचे. पण नीट चालणारा सेट, धुण्याच्या वेळी वापरायला दुसरा पोशाख, केंद्रावर आंघोळीची आणि पोशाख धुण्याची सोय, दरवर्षीची तपासणी हे देणे प्रशासनाचे काम आहे. कंत्राटी जवानाच्या फुप्फुसात जाणारा धूर काही कमी विषारी नसतो, म्हणून त्यालाही तेच मिळाले पाहिजे. सेट नादुरुस्त असेल तर तोंडी न सांगता लेखी कळवा आणि पोच घ्या.

घरी एक वही ठेवा. प्रत्येक मोठ्या कॉलची तारीख, ठिकाण, धुरात किती वेळ होता, मास्क होता की नव्हता, नंतर काय त्रास झाला हे लिहा. कर्करोग वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढतो. तेव्हा डॉक्टरांना आणि हक्क मागताना हीच वही उपयोगी पडेल. जवानाला वेळ नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीने-मुलाने ती लिहावी.

वस्तीचेही काम आहे

आपल्या गल्लीत आग लागली की 101 ला फोन करा, गल्लीतल्या दुचाक्या हलवा. बंब आल्यावर जवान मास्क चढवायला थोडा वेळ घेतो. त्या वेळी ‘आत जा ना’ म्हणून त्याला ओढू नका. आत कोण अडकले आहे, गॅसचे सिलिंडर किती आणि कुठे आहेत, विजेचे मीटर कुठे आहे, एवढे एकाच माणसाने त्याला स्पष्ट सांगावे. त्या माहितीने तुमचे माणूस लवकर बाहेर येईल आणि जवानही सुखरूप घरी जाईल.