थंडी, धुके आणि दुचाकीवरची पेटी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार भरायचा आणि रात्री खडी गंमत, दंडार, भजन किंवा नाटक रंगायचे, असा हा थाट. नागपूर जिल्ह्यातला मौदा तालुकाही याला अपवाद नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी तर विदर्भातल्या गावागावांत पोहोचली. थोडक्यात, आपल्याकडे गाण्याबजावण्याचा हंगाम आणि थंडीचा हंगाम एकच आहे.

पूर्वी वाद्ये बंडीतून जायची. खाली तणीस, वर गोधडी आणि मधोमध पेटी-तबला. प्रवास संथ, त्यामुळे वाद्यही सावकाश गार व्हायचे. आता नागपूरहून मौद्याचे पस्तीसेक किलोमीटरचे अंतर मोटारसायकलवर तासाभरात कापले जाते. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर तबला, कॅरिअरला बांधलेली आठ-दहा किलोची पेटी, समोरून झोंबणारा वारा, कन्हान नदीच्या काठाला आणि कालव्यावरच्या शेतांवर उतरलेले धुके. मग गावात पोहोचल्यावर पेटीचा सूर दबतो, तबला उतरतो, बासरी कुणाशीच जुळत नाही. आपण म्हणतो, 'वाद्याला थंडी बाधली.'

पण खरोखर थंडीच बाधते का? नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी हिवाळ्यातल्या पहाटे तो दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. एवढ्या थंडीने सागवानी पेटी किंवा शिसवी तबला बिघडत नाही. वाद्याचे खरे शत्रू दोन आहेत. एक म्हणजे तापमानात एकाएकी होणारा बदल आणि दुसरा म्हणजे त्या बदलातून निर्माण होणारी ओल. हे ध्यानात आले की वाद्य कसे जपायचे ते आपोआप उमगते.

आधी वाऱ्याचे पाहू. गाडीवर आपल्याला थंडी जास्त वाजते, कारण आपल्या अंगात सतत ऊब तयार होत असते आणि वारा ती हिरावून नेतो. वाद्याच्या अंगात ऊब तयार होत नाही. त्यामुळे कोरडे वाद्य कितीही वारा लागला तरी भोवतालच्या हवेपेक्षा गार होत नाही. वारा एवढेच करतो की ते लवकर गार करतो. गोधडीचेही तसेच आहे. गोधडी ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवते. तासाभराच्या प्रवासाला तेवढा आधार पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट दवाची. रात्री अंगणात उभ्या केलेल्या गाडीची सीट सकाळी ओलीचिंब का असते? उघड्या आकाशाखाली वस्तू आपली उष्णता वर फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. मग हवेतली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. म्हणून वाटेत चहाला थांबलात तर वाद्य गाडीवर उघड्यावर ठेवू नका. ते टपरीच्या छपराखाली घ्या, निदान झाडाखाली तरी ठेवा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. थंडीतून एकदम स्वयंपाकघरात गेलो की चष्म्याच्या काचा धुरकट होतात. वाद्याचेही तेच होते. देवळाच्या सभामंडपात किंवा बंद मांडवात पन्नास-साठ माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. त्यांच्या श्वासाने हवा उबदार आणि दमट झालेली असते. तिथे गारठलेली पेटी उघडली की आतल्या पितळी स्वरपट्ट्यांवर बारीक पाणी धरते. त्या थराने सूर दबतो, आतल्या पोलादी स्प्रिंगा हळूहळू गंजतात, चामड्याच्या पट्ट्या फुगतात. म्हणजे पेटीचे नुकसान बहुधा वाटेत होत नाही, ते मुक्कामाला पोहोचल्यावर होते!

तबला, ढोलकी आणि खंजिरी यांचा प्रश्न कातड्याचा आहे. कातडे दमट हवेत ओल शोषून सैल पडते आणि कोरड्या हवेत आवळते. दक्षिणेत खंजिरी वाजवण्यापूर्वी तिच्या कातड्याला मुद्दाम पाणी लावून आवाज खाली आणतात, यावरूनच ओलीचे सामर्थ्य कळते. धुक्यातून आलेला तबला उतरलेला लागतो. वादक घाईने हातोडी घेऊन गजऱ्यावर ठोकत तो चढवतो. तासाभराने पुडी सुकते, आणखी ताणली जाते आणि ऐन रंगात फाटण्याची भीती असते. डफ किंवा हलगी जाळावर शेकतात, म्हणून काहीजण तबलाही शेकोटीजवळ नेतात. तसे करू नये. हलगीला नुसते कातडे असते. तबल्यावर लोहचूर्ण आणि खळ यांची शाई थरावर थर देऊन घोटलेली असते. एकदम आच लागली की शाईला तडे जातात, आणि शाई गेली की तबल्याचा नाद गेला.

बासरीची गंमत वेगळी. तिचा स्वर आतल्या हवेतून ध्वनी किती वेगाने जातो यावर ठरतो. दहा अंश तापमानात हा वेग सेकंदाला सुमारे ३३७ मीटर असतो, तीस अंशांत सुमारे ३४९ मीटर. हा फरक साडेतीन टक्क्यांचा. दोन लगतच्या स्वरांत म्हणजे अर्ध्या सुरात जवळजवळ सहा टक्क्यांचे अंतर असते. म्हणजे गार बासरी त्या अंतराच्या निम्म्याहून अधिक खाली बोलू शकते. पेटीचा सूर मात्र जवळपास जागच्या जागी असतो. मग दोघांचे जुळणार कसे? शिवाय गारठलेल्या बांबूत एकदम उबदार, ओला श्वास फुंकला तर आतली बाजू फुगते, बाहेरची तशीच राहते आणि चीर जाते. म्हणून बासरी सुती कापडात गुंडाळून स्वेटरच्या आत, अंगालगत न्यावी. मात्र पडल्यास ती अंगात रुतणार नाही, अशा बेताने ठेवावी.

आता बांधाबांध. वाद्याला लागून आधी जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे मऊ सुती कापड घ्यावे, ते थोडीफार ओल टिपून घेते. त्यावर घोंगडी किंवा गोधडी. सर्वांत बाहेर प्लास्टिकचा कागद, वारा आणि धुके अडवण्यापुरता. प्लास्टिक थेट वाद्याला लावू नये, आतली ओल आतच कोंडते. पेटी बांधण्यापूर्वी भाता बंद करून खटका लावावा. सतार किंवा तंबोरा असेल तर तारा थोड्या उतरवून घ्याव्यात, कारण गारठ्यात पोलादी तार आकसते आणि ताण वाढतो. तबला मागे बसणाऱ्याने दोघांच्या मध्ये धरावा. तिथे वारा कमी आणि अंगाची ऊब आयती मिळते. सायलेन्सरच्या बाजूला काही टांगू नये, एक अंग भाजते आणि दुसरे गारठते. ओझे असे बांधावे की हँडल मोकळे राहील. धुके फारच दाट असेल तर ऊन पडेपर्यंत थांबावे. वाद्य दुरुस्त करता येते, माणूस नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर वाद्य लगेच उघडू नये. गुंडाळलेले असेच मांडवाच्या कोपऱ्यात, शेकोटी आणि हॅलोजनच्या दिव्यापासून दूर, अर्धा-पाऊण तास ठेवावे. पाणी धरायचे असेल ते बाहेरच्या कागदावर धरेल, आत नाही. मग कापड सोडावे, आणखी थोड्या वेळाने तबला मिळवावा. कार्यक्रम संपल्यावर परत निघतानाही हीच शिस्त. घाम पुसावा, पुडी कोरड्या फडक्याने टिपावी आणि ओले फडके आत ठेवू नये.

यात खर्च काहीच नाही, लागतो तो वेळ. आणि नेमका तोच मिळत नाही. मंडळी खोळंबलेली, आयोजक घड्याळाकडे पाहणारे. 'पेटी आली, आता करा सुरुवात!' म्हणून एक विनंती वादकांना नाही, तर बोलावणाऱ्यांना. आठचा कार्यक्रम असेल तर वादकांना सातला बोलवा आणि मधला वेळ वाद्यांसाठी राखून ठेवा. गावच्या भजन मंडळाची पेटी बहुधा एकच असते, घरोघरच्या वर्गणीतून घेतलेली. ती बिघडली तर हंगामभर मंडळ मुके होते. पाहुण्याला आल्या आल्या जेवायला बसा म्हणत नाही, आधी पाणी देतो, टेकू देतो. वाद्यही दूरून आलेला पाहुणाच आहे. त्यालाही जरा टेकू द्या.