मधमाशी नाचते आणि पत्ता सांगते

सातेरी मधमाशीचं घर झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत असतं. आत मिट्ट काळोख, शेजारी शेजारी लटकलेली मेणाची पोळी आणि त्यांवर हजारो माश्यांची दाटी. बाहेर बहरलेलं झाड सापडलेली एक कामकरी माशी या गर्दीत परत येते. आणलेला मकरंद घरातल्या माश्यांच्या हवाली करते आणि उभ्या पोळ्यावर नाचू लागते. पोट डावी-उजवीकडे झपाझप हलवत ती थोडं सरळ चालते, उजवीकडून वळसा घालून मूळ जागी येते, पुन्हा तीच सरळ चाल करते आणि मग डावीकडून वळसा घालते. काहीजणी मिशा तिच्या अंगाला भिडवून मागे मागे फिरतात. थोड्या वेळाने त्या बाहेर पडतात आणि कधीही न पाहिलेल्या त्या झाडाच्या रोखाने उडत जातात.

या नाचातून कळतं तरी काय? दोन गोष्टी: दिशा आणि अंतर. मोकळ्या आभाळाखाली दिशा सूर्यावरून ठरवता येते, पण ढोलीत सूर्य कुठला? म्हणून माशी सूर्याच्या जागी ‘वर’ ही दिशा धरते. सरळ चाल नेमकी वर गेली, तर झाड सूर्याच्या दिशेला आहे. खाली गेली, तर सूर्याच्या उलट दिशेला. उभ्या रेषेपासून उजवीकडे ६० अंश कलली, तर सूर्याच्या उजवीकडे ६० अंशांवर उडायचं. सरळ चाल जितका वेळ टिकते, तितकं झाड दूर. पाश्चात्त्य मधमाशीत ढोबळमानाने एक सेकंद म्हणजे एक किलोमीटर. आणखी गंमत म्हणजे नाच लांबला आणि मधल्या वेळेत सूर्य पुढे सरकला, तर काळोखात नाचणारी माशी आपल्या चालीचा कोनही तेवढाच बदलत जाते. बाहेर आभाळ ढगाळ असलं तरी अडत नाही. निळ्या आभाळाचा एखादा तुकडा दिसला, की तिथल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून तिला सूर्याची जागा कळते.

हे कोडं सोडवलं कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने. माश्यांच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन तो एकेकीला ओळखत असे. १९२०च्या दशकात त्याने मांडलं होतं, की माश्यांचा दुसरा, नुसता गोल फिरण्याचा नाच मकरंदासाठी आणि पोट हलवत केलेला नाच परागासाठी. साखरपाण्याच्या बश्या लांब लांब नेऊन ठेवल्यावर, सुमारे वीस वर्षांनी, त्याचं त्यालाच उमगलं, की फरक खाद्याचा नसून अंतराचा आहे. त्या काळात नाझी राजवट त्याच्या ज्यू आजीचं निमित्त करून त्याला म्युनिक विद्यापीठातून काढायला निघाली होती. पण नोसेमा या रोगाने मधमाश्यांच्या वसाहती उजाड होत होत्या, परागीभवन थांबलं तर पिकं बुडण्याची भीती होती. त्यामुळे मधमाश्यांचा हा जाणकार जागेवर राहिला. १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

त्याचा शिष्य मार्टिन लिंडाउअर याने १९४९मध्ये आणखी एक नवल टिपलं. झाडाला लोंबणाऱ्या एका थव्यावर काही माश्या नाचत होत्या; पण त्यांच्या अंगाला पराग नव्हता, काजळी आणि विटांची धूळ होती. त्या फुलांवर गेल्याच नव्हत्या. धुराड्यांत आणि भिंतींच्या भगदाडांत नवं घर शोधून आल्या होत्या आणि नाचून त्या जागांची शिफारस करत होत्या!

अंतर मोजण्याची युक्तीही तितकीच भन्नाट. बंगळूरूत शिकलेले शास्त्रज्ञ मंद्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांना भिंतींवर नक्षी असलेल्या जेमतेम सहा मीटरच्या अरुंद बोगद्यातून उडवलं. परत आल्यावर माश्यांनी दीडशे मीटरांहून जास्त अंतराचा नाच केला. धावत्या रेल्वेतून जवळची झाडं भराभर मागे पळताना दिसतात, तशी डोळ्यांसमोरून नक्षी सरकत होती. ती किती सरकली, यावरून माशीने अंतर ठरवलं आणि फसली.

आपल्याकडच्या माश्यांच्या तर बोलीही वेगळ्या. उंच झाडांवर आणि कड्यांवर उघडी पोळी बांधणारी आग्या माशी खाद्यासाठी लांबवर जाते, सातेरी सहसा घराच्या आसपास फिरते. दक्षिण भारतात केलेल्या आणि २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सारख्याच अंतरासाठी सातेरीची सरळ चाल आग्याच्या चालीपेक्षा जास्त वेळ चालते. जवळपासचे पत्ते बारकाईने सांगायचे, तर मोजपट्टी मोठीच हवी. झुडपाच्या फांदीवर छोटंसं पोळं बांधणारी फुलोरी माशी पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते. तिला ‘वर’चा आधारच नको, ती थेट फुलांच्या दिशेने चालून दाखवते.

आणि हा नाच सगळाच जन्मजात नाही. चीनमधल्या युन्नान प्रांतातल्या प्रयोगात काही पिल्लावळी जाणत्या माश्यांशिवाय वाढवल्या. त्या माश्या नाचल्या, पण चुकतमाकत. सरावाने दिशा पुष्कळ सुधारली, अंतराची चूक मात्र जन्मभर राहिली. थोरल्यांच्या मागे मागे फिरून शिकण्याचं वय एकदा गेलं की गेलं. हा निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाला.

जेमतेम तिळाएवढ्या मेंदूत सूर्य, घड्याळ, मोजपट्टी आणि कोनमापक एवढं सगळं नांदतं. तेव्हा गच्चीखाली किंवा पाण्याच्या टाकीला पोळं लागलं, तर पलिते आणि फवारे हाती घेऊ नका. प्रशिक्षित मधपाळाला बोलवा. आणि कुंपणात फुलोरीचं पोळं दिसलं, तर अंतर राखून, न हलता, त्याच्या माथ्याकडे जरा वेळ पाहा. तिथे पत्ता सांगण्याचं काम उघड्यावर चालू असतं.